सड्यावरची मेढ

"टँकर इथपर्यंतच येईल, मामा. पुढचं पाणी डोक्यावरून न्यावं लागेल," केतकी म्हणाली आणि तिनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

"पाणी नेता येईल गं. पार्थच्या आत्याबाईंना कोण नेणार डोक्यावरून?"

मागच्या सीटवर माझी धाकटी बहीण इंदू बसली होती. ती हसली. "तूच ने, दादा. नाहीतरी मामाला लग्नात दुसरं काम काय असतं?"

"नवरीला बोहल्यावर नेणं एवढं माझं काम. वरपक्षाची आत्या माझ्याकडे नाही."

दिवाळी होऊन गेली होती. आम्ही तिघं चाफ्याच्या सड्यावर केतकीच्या लग्नाची जागा बघायला निघालो होतो. सडा म्हणजे घाटमाथ्यावरचं जांभ्या खडकाचं उघडं पठार. गुडघाभर गवत, मधूनमधून काळा कातळ, पश्चिमेला एकदम तुटलेला कडा आणि खाली कोकण. नाव चाफ्याचं, पण वर चाफा तर सोडाच, सावलीला म्हणून एक झाड नव्हतं. माझ्या भाचीला लग्न तिथंच करायचं होतं. कार्यालय नको, बँड नको, वर आभाळ हवं. पार्थ भला मुलगा, तो म्हणाला, तिला आवडेल तिथं. त्याच्या घरचे म्हणाले, हल्ली असंच असतं, फोटो चांगले येतात. मलाही तसंच वाटत होतं.

पण सड्याचं नाव निघाल्यावर इंदू त्या संध्याकाळी देवघरासमोर बराच वेळ बसून राहिली होती. कारण तिचा नवरा याच सड्यावर नाहीसा झाला होता.

मोरेश्वरराव तालुक्याच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. केतकी तेव्हा दुसरीत होती. श्रावणातल्या एका रविवारी "सड्यावर जाऊन येतो, जेवायला घरी आहे," असं सांगून ते सायकलवर गेले. सायकल फाट्यावर मिळाली. ते मिळाले नाहीत. पोलिसांनी, त्यांच्या वर्गातल्या मोठ्या मुलांनी, आम्ही सगळ्यांनी सडा आणि कड्याखालचं रान पालथं घातलं. चप्पलसुद्धा सापडली नाही. मग गावानंच निकाल दिला की माणूस पळून गेला. कुणाला तो मुंबईत दिसला, कुणी त्याचा दुसरा संसारही पाहून आलं. इंदूनं कधी कुणाशी वाद घातला नाही. ती कुंकू लावत राहिली आणि मुलीला वाढवत राहिली.

आता पत्रिका छापायची वेळ आली होती. पार्थच्या आई मनानं चांगल्या. त्यांनी फोनवर अडखळत विचारलं होतं, "इंदूताई, रागावू नका हं. केतकीच्या बाबांच्या नावाआधी काय घालायचं? श्री. की कै.? छापखान्यात काम अडलंय."

इंदू म्हणाली होती, "जागा बघून येते. मग सांगते."

नवरा गेला म्हणायचं की आहे म्हणायचं, हे तिला त्या दिवशी सड्यावर ठरवायचं होतं. आम्हा तिघांनाही ते माहीत होतं, आणि म्हणून तिघंही मांडवाबद्दल बोलत होतो.

"मांडव घातलास तर वाऱ्यानं सरळ कोकणात जाऊन पडेल," मी चालता चालता म्हटलं.

"घालायचाच नाहीये. फक्त चार खांब आणि फुलं."

"होमाची ठिणगी उडाली तर? गवत बघ कसं वाळलंय."

"होम कातळावर करायचा, मामा. गवत आधी कापून घेऊ."

"आणि बायकांची सोय?" इंदूनं विचारलं. "दोनशे माणसं आणणार तू. त्यात निम्म्या बायका. आभाळाखाली सगळंच करता येत नाही, बाई."

"आई!"

"आई काय? लग्न लावणं सोपं असतं. सोय बघणं अवघड असतं."

एवढ्यात धुकं आलं. कोकणातली दमट हवा कडा चढून वर येते आणि थंड होऊन सड्यावर पसरते. मी शाळेत मुलांना सांगायचो, ढगसुद्धा डोंगर चढताना दमतो आणि वर येऊन बसतो. ऐकायला ते छान वाटतं. प्रत्यक्षात ते आलं तेव्हा आधी कडा गेला, मग समोरची वाट गेली, मग दहा पावलांवर चाललेल्या केतकीचा निळा कुर्ता गेला.

"केतू!" इंदू ओरडली. इतक्या मोठ्यानं की मीच दचकलो.

"इथंच आहे गं," धुक्यातून आवाज आला. "घर दिसतंय इथं एक."

ते धनगराचं घर होतं. कारवीच्या कुडाच्या भिंती, पुढं म्हशींचा गोठा. दारात चार-पाच वर्षांची एक मुलगी खड्यांनी खेळत होती. मी तिला नाव विचारलं. ती लाजून आत पळाली आणि एका म्हाताऱ्या बाईला हाताला धरून घेऊन आली. बाईच्या हातात चांदीचे जाड गोठ होते.

"मास्तर न्हवं तुमी?" तिनं विचारलं.

"कसं ओळखलंत?"

"आदी पोरीचं नाव इचारलंसा. बाकीची मानसं आदी कुत्रं चावतंय का इचारत्यात."

तिचं नाव ठकूबाई झोरे. तिनं आम्हाला ओट्यावर बसवलं आणि तांब्या भरून ताक आणलं. केतकीनं विषय काढला. सड्यावर लग्न करायचं आहे, गुरांना त्रास होणार नाही, घाण करणार नाही, तुमची हरकत नाही ना?

ठकूबाईनं तिच्याकडं बघितलं. "लगीन हाय व्हय? बरं झालं. आलासा एकदाची."

"एकदाची म्हणजे?"

"तुमचा मानूस कवाधरनं खोळंबलाय."

केतकी माझ्याकडं वळली. "डेकोरेशनवाला येऊन गेला वाटतं. पण तो तर पुढच्या आठवड्यात येणार होता."

"कोन वाला त्ये म्या काय जानू," ठकूबाई म्हणाली. "मेढ रवून बसलाय. धुकं आलं की दिसतो. इचारतो, मंडळी आली का? म्या म्हनते, न्हाई आली. मग जातो आपला पलीकडं."

मेढ म्हणजे मांडवाचा पहिला खांब. मुहूर्त बघून, हळद लावून, आंब्याचा टाळा म्हणजे पानांची डहाळी बांधून घरातला कर्ता माणूस ती रोवतो आणि मग लग्नाची बाकीची कामं सुरू होतात. डेकोरेशनवाले मेढ रोवत नाहीत.

"दिसायला कसा आहे हो माणूस?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"धुक्यात काय दिसतंय, मास्तर? पांढरा सदरा हाय. चष्मा हाय. बोलायला लई गोड."

इंदूनं ताकाचा पेला खाली ठेवला.

"कधीपासून दिसतो?" तिनं विचारलं.

ठकूबाईनं दारातल्या मुलीकडं हात केला. "हिची आई हिच्याएवढी हुती तवापास्नं."

गोठ्यात म्हैस रवंथ करत होती, तेवढाच आवाज. मग मीच म्हटलं, "तेव्हा इथं पोलीस आले होते ना? माणूस शोधायला? त्यांना नाही सांगितलंत?"

"इचारलं की त्यांनी. हरवल्याला मानूस बघितलास का म्हून." ठकूबाई जरा चिडली. "हरवल्याला मानूस म्या बघितलाच न्हाई. ह्यो कामात हुता."

"मला ती जागा दाखवा," इंदू म्हणाली.

"आई, धुकं जाऊ दे आधी."

"आत्ता."

ठकूबाई पुढं निघाली. तिला वाट दिसण्याची गरज नव्हती, पायांनाच ती माहीत होती. आम्ही तिच्यामागून एका रांगेत चाललो. मी सगळ्यांत मागं होतो आणि दर थोड्या वेळानं वळून बघत होतो. शाळेची सहल नेताना शेवटचं मूल मागं राहिलं नाही ना हे बघायची सवय, दुसरं काही नाही, असं मी स्वतःला सांगत होतो.

कड्याच्या अलीकडं गवतात कातळाचा एक सपाट चौक होता. केतकीनं फोटोत बघून पक्की केलेली जागा तीच होती. मी तो फोटो पाहिला होता. त्यात मेढ दिसत नव्हती, कारण ती गवतापेक्षा फार उंच नव्हती. माझ्या मांडीपर्यंत जेमतेम आली असती. कातळाच्या भेगेत ती उभी केली होती आणि बाजूनं खडे ठोकून बसवली होती. लाकूड जुनं, पावसानं राखाडी झालेलं. चार कोपऱ्यांना चार गोटे मांडले होते. त्या चौकोनात मोठी दोन माणसं पाटावर बसली असती तर त्यांचे गुडघे बाहेर आले असते.

मेढीच्या टोकाला आंब्याचा टाळा बांधलेला होता. तो हिरवा होता.

"पोरांनी खेळात बांधला असेल," मी म्हटलं.

"कंच्या पोरांनी? ही एक पोरगी हाय आमची," ठकूबाई म्हणाली. "आन आंबा हितं कुटं हाय? पार खाली दरीत उतरावं लागतंय."

इंदू मेढीभोवती हळूहळू फिरली. तिनं त्या चौकोनाची लांबी बघितली, मेढीची उंची बघितली. स्वयंपाकघरात भांडं उचलून त्यात किती मावेल याचा अंदाज घ्यावा तशी. मग म्हणाली, "हा मांडव मोठ्या माणसांचा नाही."

केतकी एकदम खाली बसली. मला वाटलं तिला चक्कर आली.

"बाहुलीचा आहे," ती म्हणाली.

"कुणाच्या?"

"माझ्या. आई, माझ्या बाहुलीचा."

तिला धड बोलता येत नव्हतं. मी तिच्याशेजारी बसलो. मूल अडलं की त्याला घाई करायची नाही एवढं मला येतं. हळूहळू ती बोलायला लागली.

"वर्गातल्या सगळ्या मुलींनी बाहुल्यांची लग्नं लावली होती. अंगणात. मी बाबांना म्हटलं, माझ्या बाहुलीचं लग्न सड्यावर लावायचं. तुम्ही सांगता ना तिथं सगळीकडं फुलं असतात. तिथं. बाबा म्हणाले, मग आधी मेढ रोवायला हवी. मी रविवारी जाऊन रोवून येतो, पुढच्या रविवारी आपण तिघं जाऊ. आईला सांगू नकोस, तिला गंमत." ती आईकडं बघत नव्हती. "तू रोज विचारायचीस, आई. कुठं गेले असतील, कशाला गेले असतील. मला माहीत होतं कशाला गेले ते. मला वाटायचं, सांगितलं तर तू मला घरात ठेवणार नाहीस."

"एवढं मनात धरून बसलीस?" मी विचारलं.

"म्हणून तर लग्न इथं म्हटलं. मला फक्त इथं उभं राहून त्यांना सांगायचं होतं. ही मेढ असेल हे मला माहीत नव्हतं, मामा. शप्पथ."

मी इंदूकडं बघितलं. मला भीती वाटत होती ती रडेल याची, किंवा मुलीवर हात उगारेल याची. यातलं काहीच झालं नाही. तिच्या चेहऱ्यावर मला लग्नाआधीची इंदू दिसली.

"म्हणजे पळून गेले नव्हते," ती म्हणाली. "मांडव घालायला आले होते."

"आई..."

"दादा, ऐकलंस? मांडव घालायला आले होते हे." तिनं केतकीच्या डोक्यावरून हात फिरवला, पण तिचं लक्ष केतकीकडं नव्हतं. ती ठकूबाईला विचारत होती, "मग परत का नाही आले हो?"

"कसा यील?" ठकूबाईला प्रश्नच विचित्र वाटला. "मेढ रवनाऱ्यानं लगीन लागूस्तवर शीव वलांडायची न्हाई. आमची रीत हाय ही. त्यो आला तवा त्यानंच इचारली, मावशी, तुमच्यात मेढ कशी रवत्यात? म्या सांगितली. हासला. म्हनला, पोरीचं खेळातलं लगीन हाय. म्या म्हनलं, लगीन खेळातलं असंल, बाबा. मेढ खेळातली नसती."

"आणि लग्न लागल्यावर?" केतकीनं विचारलं.

"लगीन लागलं की घरच्या बाईनं मेढ उपटायची. मग त्यो मोकळा."

"मोकळा म्हणजे कुठं जातो?"

ठकूबाई उत्तर द्यायला तोंड उघडणार तेवढ्यात ती थांबली. तिनं मान वळवली आणि कड्याच्या बाजूच्या धुक्याकडं बघत, शेजारणीला कुंपणावरून सांगावं तशी मोठ्यानं म्हणाली, "न्हाई अजून! आज नुसती जागा बघाय आल्यात!"

आम्हाला कुणाला काही ऐकू आलं नव्हतं. नंतर मात्र मी ऐकलं. कड्याकडं, वाळलेलं गवत पायाखाली दबल्याचा आवाज. तो हळूहळू लांब गेला. कड्याच्या दिशेनं गेला आणि कडा जिथं संपतो तिथं थांबला नाही.

मी आयुष्यभर मुलांना सांगत आलो की भूत म्हणजे आपण जवळ जाऊन न बघितलेली गोष्ट. त्या दिवशी मी जवळ जाऊन बघितलं नाही. केतकीचा हात धरून उभा राहिलो.

इंदू तेवढी दोन पावलं पुढं गेली होती. मी तिला हाक मारल्यावर थांबली.

परत जाताना घाटात फोनला रेंज आली. इंदूनं पार्थच्या आईंना फोन लावला. "विहीणबाई, जागा पसंत आहे. हो, लग्न तिथंच. आणि पत्रिकेत श्री. घाला." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "हो, श्री. नक्की," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

गाडी चालवता चालवता केतकी म्हणाली, "आई, लग्न लागलं की बाबा सुटतील. तूही सुटशील."

"हं," इंदू म्हणाली. ती खिडकीतून मागं बघत होती.

मार्गशीर्षातल्या त्या लग्नाला आता पुष्कळ वर्षं झाली. जे आले होते ते अजूनही त्याची आठवण काढतात, पण जेवणाची. वर सड्यावर गरम भाकरी आणि झुणका, मटकीची उसळ, काकवी आणि ठकूबाईकडचं दही. पार्थच्या आत्याबाईंना दोन भाच्यांनी खुर्चीसकट उचलून आणलं. "मला वाटलं मी मेले आणि हे मला न्यायला लागलेत," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या. बायकांची सोय केली होती. गवत कापलं होतं. होमासाठी कातळावर मातीचा थर घातला होता. केतकीनं ती लहानगी मेढ आणि तिचा चौकोन तसाच ठेवून त्याला लागून मोठे चार खांब उभे केले होते. कुणी विचारलं तर डेकोरेशनचा भाग आहे असं सांगत होती.

सकाळपासून स्वच्छ ऊन होतं. गुरुजींनी अंतरपाट धरायला सांगितला आणि धुकं आलं.

मी केतकीच्या मागं उभा होतो. मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा मला पहिल्या रांगेतल्या खुर्च्या दिसत होत्या. तिसऱ्याला त्याही दिसेनाशा झाल्या. लोक हसत होते, "अहो नवरा कुठाय?" "असेल तिथंच, पळून जायला वाट तरी दिसते का!" असे विनोद चालले होते. दर कडव्याला अक्षता येत होत्या, धुक्यातून, समोरून. आणि माझ्या पाठीवरही पडत होत्या. मी आधी लक्ष दिलं नाही. मग लक्षात आलं की माझ्या मागं पाहुणे नाहीत. मागं दहा-पंधरा पावलं कातळ होता, आणि त्यापलीकडं कडा. अक्षता थोड्याच होत्या, पण नेमक्या नवरीच्या डोक्यावर पडत होत्या. एकच माणूस जपून टाकत असावा तशा.

केतकीलाही ते कळलं होतं. ती मागं वळायला लागली. मी हळूच म्हटलं, "समोर बघ." तिनं मान हलवली आणि समोर बघितलं. अंतरपाट निघाला. तिनं हार घातला तेव्हा ती रडत होती आणि हसत होती, आणि पार्थ बिचारा घाबरून "काय झालं, काय झालं?" विचारत होता.

लग्न लागलं. धुकं आलं तसंच विरून गेलं. आचाऱ्यांनी पानं मांडायला घेतली, लोक पंगतीकडं सरकले. केतकी मात्र जागची हलली नाही. ठकूबाई नवं लुगडं नेसून तिच्याशेजारी येऊन उभी राहिली होती.

"आई," केतकी म्हणाली. "चल. तुलाच करायचंय."

इंदूनं मान डोलावली. तिनं हिरवी पैठणी नेसली होती, जुनीच, स्वतःच्या लग्नातली. ती एकटी मेढीपाशी गेली. आम्ही जरा लांब थांबलो. तिनं वाकून मेढीवर हात ठेवला. दोन्ही हात ठेवले. आमच्याकडं तिची पाठ होती. ती तशीच वाकून राहिली, इतका वेळ की पंगतीतून कुणीतरी "यजमानीणबाई कुठं आहेत?" म्हणून हाक मारली. माझी खात्री आहे ती बोलत होती, कारण तिची मान मधूनच हलत होती आणि मधूनच थांबत होती, ऐकून घेताना थांबते तशी.

मग ती सरळ झाली आणि परत आली. हात रिकामे होते.

"घट्ट बसलीय," ती म्हणाली. "निघत नाही."

"निघत नाही?" केतकीचा चेहरा उतरला. "नीट ओढलीस का?"

"इतक्या वर्षांची आहे, बाई. खडकात धरली असेल. राहू दे."

ठकूबाईनं इंदूकडं एकदा बघितलं, मग खाली बघितलं आणि हातातले गोठ सारखे करत बसली.

"मामा," केतकी म्हणाली, "तू बघून ये ना. नुसती बघून ये. खडे ठोकलेत ते काढून बघ."

मी गेलो. माझ्या पाठीवर तिघींची नजर होती, आणि कुणाची कोणती ते मला मागं न बघता कळत होतं. मेढीपाशी मी खाली बसलो. भेगेतले खडे कधीच झिजून सैल झाले होते. मी मेढीला एक बोट लावलं. दुधाचा दात शेवटच्या दिवशी हलतो तशी ती हलली. फुंकर मारली असती तरी पडली असती. टाळा ओला होता, आणि माझ्या बोटाला हळद लागली. ती वाळलेली नव्हती.

मी मान वर केली. इंदू माझ्याकडंच बघत होती. तिनं हात जोडले नाहीत, मान हलवली नाही. लहानपणी माझ्या वाटणीचं काही तिनं घेतलेलं असलं आणि आई विचारत असली की जशी बघायची, तशी बघत होती.

मी बोट धोतराला पुसलं आणि परत आलो.

"घट्ट आहे गं," मी म्हटलं. "अगदी घट्ट."

केतकीनं माझ्या चेहऱ्याकडं बघितलं, मग धोतरावरच्या पिवळ्या डागाकडं. मग तिनं पार्थचा हात धरला.

"बरं," ती म्हणाली. "आई, जेवायला चल."

"तुम्ही बसा पंगतीला," इंदू म्हणाली. "मी आलेच."

आम्ही पंगतीकडं गेलो. बसता बसता मी वळून बघितलं. खालून कडा चढून धुकं पुन्हा वर येत होतं, आणि माझी बहीण पदर सारखा करून, केसांवरून हात फिरवून, त्याच्याकडं तोंड करून उभी होती.